टीवायच्या प्रॅक्टिकलसाठी घेतलेलं क्लोनिंग किट

डीएनएचा तुकडा कापून, दुसऱ्या डीएनएत जोडून जिवाणूंत वाढवायचं हे किट आलं एप्रिलच्या भर दुपारी. थर्माकोलचा डबा उघडला तर आतल्या आइसपॅकच्या पाण्याच्या पिशव्या झालेल्या. कंपनीचं नाव घेत नाही, पण पॅकिंगला शून्य गुण.

तरीही इको-आर-वननं लाज राखली. हे एन्झाइम डीएनएवर जीएएटीटीसी ही सहा अक्षरं हुडकतं आणि जी-ए यांच्यामध्ये कापतं. समोरच्या धाग्यावर उलट्या दिशेनं वाचलं तरी तीच अक्षरं. 'चिमा काय कामाची' आठवा म्हटलं की पोरांना लगेच कळतं, फक्त इथे परतताना रूळ बदलायचा. काप समोरासमोर पडत नाही, म्हणून दोन्ही टोकांना एएटीटीची चिकट शेपटी उरते.

लॅम्डा डीएनए (जिवाणूंत वाढणाऱ्या एका विषाणूचा) 48,502 बेसपेअरचा, म्हणजे अक्षरांच्या तितक्या जोड्यांचा; त्याचे सहा तुकडे पडायला हवेत. 37 अंशांवर तासभर ठेवून जेल चालवलं, म्हणजे विजेच्या जोरावर तुकडे जेलीतून पळवून लांबीनुसार वेगळे केले, तर बँड (पट्टे) पाचच! "मॅडम, एक पळाला." पळाला नव्हता, 5,804 आणि 5,643 चे तुकडे खेटून धावतात. आणखी पाऊण तास जेल चालवलं तेव्हा तो जाडसर बँड मधोमध फाटला. निम्मे पैसे तिथेच वसूल झाले.

क्लोनिंगनं मात्र रडवलं. पीयूसी-19 हे 2,686 बेसपेअरचं गोल प्लाझ्मिड, म्हणजे जिवाणूत राहणारं डीएनएचं छोटं कडं; बाहेरचा तुकडा वाहून नेणारा व्हेक्टर तो हाच. त्यात बाहेरचा तुकडा बसला की लॅकझेड हे जनुक मोडतं आणि एक्स-गॅल या रंग देणाऱ्या रसायनाच्या प्लेटवर कॉलनी पांढरी येते, नाहीतर निळी. आमच्याकडे निळ्यांचा नुसता सडा. एकाच एन्झाइमनं कापलेल्या व्हेक्टरची टोकं एकमेकांनाही जुळतात आणि लायगेज हे जोडणारं एन्झाइम ती मुकाट परत जोडून टाकतं. टोकांवरचा फॉस्फेट काढणारं फॉस्फटेज किटमध्ये नाही, मॅन्युअलमध्ये त्याबद्दल अवाक्षरही नाही.

त्यात मध्ये रविवार आला, प्लेटा दोन दिवस इनक्युबेटरमध्येच राहिल्या. एका मुलीनं आनंदानं तीस पांढऱ्या कॉलनी मोजल्या. जवळून पाहिलं तर निळ्यांभोवतीचे बारीक ठिपके. प्लाझ्मिडच्या जोरावर निळ्यांनी आसपासचं अँपिसिलिन (प्लेटमधलं जिवाणू रोखणारं औषध) फस्त केल्यावर त्या मोकळ्या जागेत उगवलेले बिनप्लाझ्मिडचे जिवाणू! खऱ्या पांढऱ्या चारच निघाल्या.

जेलच्या प्रयोगासाठी जरूर घ्या, पण डिसेंबरात मागवा. फॉस्फटेज वेगळं आणा. आणि लायगेजचा बफर आल्याआल्या छोट्या नळ्यांत वाटून ठेवा, वारंवार वितळवला की त्यातलं एटीपी, म्हणजे लायगेजचं इंधन, जातं.