‘तुम्ही नेमके काय करता?’ : मिरजेतील एका जवारी कारागिराच्या सेवेचा अभिप्राय

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील ज्या कारागिरांकडून मी माझ्या तंबोऱ्याची जवारी काढून घेते, त्यांच्या सेवेबद्दल लिहिताना पहिली अडचण अशी येते की ते काम काय आहे हेच बहुतेक वाचकांना आधी सांगावे लागते. खाणावळीचा अभिप्राय लिहिणाऱ्याला स्वयंपाक म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. इथे मात्र काम कळल्याशिवाय ते चांगले झाले की वाईट हे ठरवताच येत नाही. ही अडचण माझ्यापेक्षा त्या कारागिरांच्या वाट्याला अधिक येते, कारण प्रवासात, लग्नकार्यात, बँकेत ‘तुम्ही काय करता?’ हा प्रश्न त्यांना सतत विचारला जातो. त्याचे उत्तर देण्याची त्यांची जी रीत आहे, ती मला त्यांच्या कामाइतकीच मोलाची वाटते, म्हणून या अभिप्रायात दोन्हींचा विचार केला आहे.

तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या लाकडी फळीवर, जी रुंद घोडी असते, तिच्यावरून चारही तारा जातात. या घोडीचा माथा वरवर सपाट दिसला तरी त्याला अगदी हलकी गोलाई आणि उतार दिलेला असतो. छेडलेली तार कंप पावताना त्या उतारावर अलगद टेकत राहते आणि त्यामुळे मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे स्वयंभू स्वरही, म्हणजे त्याच तारेतून आपोआप निघणारे उंच स्वरही, उमलू लागतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवून ही टेक नेमक्या जागी आणली जाते. घोडीचा माथा या हिशेबाने घासून सिद्ध करणे म्हणजे जवारी काढणे. वापराने तारा घोडीत बारीक खाचा पाडतात, टेक बिघडते आणि आवाज एक तर बसतो किंवा चरचरीत होतो. अशा तंबोऱ्यात मोडलेले काहीच नसते. भोपळा, दांडी, खुंट्या, तारा सगळे धड असते, आणि तरीही त्याच्या साथीने गाणे नकोसे होते.

माझ्या तंबोऱ्याचे असेच झाले होते. जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन, पोलादी तारा ठीक होत्या, पण खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या ‘सा’ची, पितळी तार छेडली की आवाज उमटून लगेच विझत असे. कारागिरांनी, ज्यांना त्या गल्लीत सगळेच चाचा म्हणतात, तंबोरा हाती घेतल्यावर आधी मला माझी पट्टी, म्हणजे मी कोणत्या सुराला ‘सा’ धरून गाते ते, विचारले आणि पेटीवरील चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला, म्हणजे काळी चारला, तारा लावून बराच वेळ नुसते ऐकले. घोडीला हात लावण्याआधी हे इतके ऐकणे मला त्यांच्या सेवेतील सर्वांत मोठा गुण वाटतो, कारण काळी एकला लावलेली जवारी काळी चारला तशीच बोलेल याची खात्री नसते आणि घोडीच्या माथ्याचे घासून गेलेले हाड परत आणता येत नाही. मग त्यांनी तार सैल करून बाजूला सारली, घोडीवर पोलादी पट्टी आडवी धरून तिच्याखालून येणारा उजेड न्याहाळला आणि कानशीचे दोन-चारच हात फिरवून तार पुन्हा चढवली. तार लावायची, ऐकायचे, उतरवायची, किंचित घासायचे, पुन्हा लावायची, असा हा क्रम सकाळपासून दुपार टळेपर्यंत चालला. शेवटचे हात तर कानशीचे नव्हतेच. बारीक पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून त्यांनी घोडीचा माथा जेमतेम पुसल्यासारखा केला आणि तेवढ्याने आवाजात फरक पडला, हे मी स्वतः ऐकले.

त्या दिवशी दुकानात एका विद्यार्थिनीचे वडील आले होते. त्यांनी सरळ विचारले, “चाचा, तुम्ही करता तरी काय? नुसते घासताच ना?” चाचांनी वादही घातला नाही आणि व्याख्याही दिली नाही. त्यांनी माझ्या तंबोऱ्याच्या खर्जाखालचे सूत काढून टाकले आणि तार छेडली. मग तेच सूत पुन्हा सरकवून, बोटाने केसभर पुढे-मागे करून, तीच तार तशीच छेडली. पहिल्या वेळी साधा, ठोकळ षड्ज (सा) ऐकू आला होता. दुसऱ्या वेळी त्याच षड्जातून वर गंधार (ग) तरंगत आला. “आता दोन सूर ऐकले ना साहेब? तार तर मी एकच छेडली. हा वरचा गंधार कोणी वाजवत नाही, तो आपोआप यावा लागतो. तो यावा अशी जागा करून देणे हे माझे काम.” त्या गृहस्थांनी पुढे मजुरीबद्दल घासाघीस केली नाही.

आपले काम लोकांना अपरिचित असेल तर आपण बहुधा हाताच्या क्रिया सांगत बसतो किंवा जवळच्या ओळखीच्या व्यवसायाचे नाव घेऊन मोकळे होतो. ‘वाद्ये दुरुस्त करतो’ असे म्हटले की लोक फुटकी हार्मोनियम घेऊन येतात. ‘तंबोरे बनवतो’ म्हटले तर तेही पूर्ण खरे नसते, कारण भोपळा निवडणे, दांडी घडवणे, नक्षी, पॉलिश ही कामे मिरजेत पुष्कळदा वेगवेगळ्या हातांची असतात. चाचा त्याऐवजी आपल्या कामामुळे ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडते तिथून सुरुवात करतात, आणि त्याला जेवढे हवे तेवढेच सांगतात. रेल्वेतील सहप्रवाशाला ते आधी विचारतात, “गाणे ऐकता का?” हो म्हटले तर “गवयाच्या मागे जो तंबोरा सतत बोलत असतो, त्याचा आवाज मी लावून देतो,” एवढ्यावर थांबतात. त्याने पुढे विचारले तरच घोडी, सूत आणि उतार यांच्याकडे वळतात. हे तारतम्य मला फार महत्त्वाचे वाटते, कारण प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला तासभराचे व्याख्यान नको असते आणि दोन शब्दांत वाटेला लावणेही अपमानास्पद असते.

माझ्या गाण्याच्या वर्गातील पालकांमध्ये अभियंते बरेच आहेत, आणि त्यांच्यासाठी मी एक वेगळी वाट धरते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्यांचा निस्पंद बिंदू (कंपन न होणारी जागा) येतो ते उपस्वर, म्हणजे वर सांगितलेले स्वयंभू स्वर, नियमाप्रमाणे उमटू नयेत. तंबोरा आणि वीणा यांत मात्र ते ठळक ऐकू येतात, आणि याचे कारण घोडीच्या खास घडणीत आहे, असे त्यांनी दाखवले. ही घडण प्रत्येक तंबोऱ्यात कानाने शोधून काढणारा माणूस म्हणजे जवारीचा कारागीर, असे सांगितले की अभियंता पालकांच्या चेहऱ्यावरचा ‘नुसते घासणे’ हा भाव नाहीसा होतो.

कागदोपत्री ओळखीचा प्रश्न याहून बिकट आहे. २०२३ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. त्यांत सुतार, लोहार, सोनार, कुंभार, शिंपी आहेत, पण वाद्यकारागीर नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला मनापासून आनंद आहे, परंतु ते मानांकन वस्तूचे आहे, आणि जुन्या तंबोऱ्यात पुन्हा प्राण आणणाऱ्याची ओळख त्याने पुरी होत नाही. एकोणिसाव्या शतकात शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने मिरजेत तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली, असा या गल्लीचा इतिहास आहे, आणि याच गावात राहिलेले थोर गवई अब्दुल करीम खाँ स्वतः वाद्यांच्या कामात आणि तंबोऱ्याच्या जवारीत वाकबगार होते. ज्या कामात एवढ्या मोठ्या गवयाने लक्ष घातले, ते करणाऱ्याने अर्जातील व्यवसायाच्या रकान्यात नाइलाजाने ‘सुतारकाम’ लिहावे, हे मला खटकते. चाचांनी तिथे ‘तंतुवाद्य कारागीर (जवारी)’ असे लिहावे आणि कारकुनाने विचारल्यास गवयाच्या तंबोऱ्याचेच वाक्य सांगावे, असे मी त्यांना सुचवले आहे.

सेवेतील उणिवाही नोंदवायला हव्यात. दुकानाच्या पाटीवर केवळ ‘वाद्यविक्री व दुरुस्ती’ एवढेच आहे, जवारीचा उल्लेखही नाही. पावतीवरही ‘दुरुस्ती’ असेच लिहिले जाते, त्यामुळे कोणत्या पट्टीला जवारी लावली आणि कोणत्या तारेखाली घोडी किती घासली याची नोंद गिऱ्हाइकाकडे राहत नाही. पुढच्या खेपेला दुसऱ्या कारागिराकडे जावे लागले तर ही माहिती फार उपयोगी पडेल. तोंडी इतके नेमके सांगणाऱ्या माणसाने पावतीवर दोन ओळी अधिक लिहिल्या तर त्याच्या कामाची ओळख प्रत्येक घरात पोचेल. मजुरीचा दरही कुठे लावलेला नाही. वाद्य पाहिल्याशिवाय तो सांगता येत नाही हे मला पटते, तरी नवख्या माणसाने काम सुरू होण्याआधी आकडा विचारून घ्यावा.

एवढे सोडले तर मी ही सेवा निःशंकपणे सुचवेन. ज्यांचा रियाज मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर चालतो आणि घरात आजीचा जुना तंबोरा कोपऱ्यात उभा आहे, त्यांनी तर अवश्य जावे. जाताना तंबोरा गवसणीत घालून, तारा थोड्या सैल करून न्यावा, सुताचे धागे टाकून देऊ नयेत, आणि आपली पट्टी नक्की ठरवून जावी. नवरात्रात मिरजेच्या अंबाबाईच्या देवळातील संगीत महोत्सवाच्या सुमारास मात्र जाणे टाळावे, कारण तेव्हा निवांत ऐकून काम करायला कारागिरांना सवड मिळणे कठीण असते. पूर्ण दिवस हाताशी ठेवावा आणि वाद्य ठेवून निघून न जाता शेजारी बसावे. आवाज कुठे थांबवायचा हे चाचा शेवटी आपल्यालाच विचारतात, आणि तिथे हजर असलेल्यालाच ते सांगता येते.