हेपॅटायटिस बी कोअर अँटिजेन, १ मिलीची व्हायल: वापरून पाहिल्यावर
पुण्यातल्या आमच्या छोट्या लॅबमध्ये अँटी-कोअर तपासणीच्या इनडायरेक्ट एलायझा किटवर काम चालतं; हेपॅटायटिस बी विषाणूच्या कोअर, म्हणजे आतल्या कवचाच्या, प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी रक्तात आहेत का ते ही टेस्ट दाखवते. प्लेट कोट करायला ई. कोलाय जिवाणूंमध्ये बनवलेलं कोअर अँटिजेन आम्ही विकत घेतो. या वेळी नव्या पुरवठादाराकडून पूर्ण लांबीचं, १८३ अमिनो आम्लांचं मागवलं. डेटाशीटवर ‘शुद्धता ९५ टक्क्यांहून जास्त’ आणि एसडीएस जेलचा (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारी चाचणी) फोटो, २१ किलोडाल्टनच्या आसपास एकच ठसठशीत बँड.

एवढ्या फोटोवर माझं समाधान होत नाही. एसडीएस आणि डीटीटी ही प्रथिनाची घडी मोडणारी रसायनं घालून उकळलं की कवच मोडतं, जेलवर धावते ती सुटी साखळी. मला हवा असतो अख्खा कण, म्हणजे हे प्रथिन जुळून बनलेलं पूर्ण कवच. प्रथिनाचे दोन-दोन रेणू जोडीने येतात. मोठ्या कणात अशा १२० जोड्या, लहानात ९०, आणि प्रत्येक जोडीचा एक काटा बाहेर आलेला. रुग्णाच्या अँटिबॉडी प्रामुख्याने या काट्यांच्या टोकांवर बसतात. कवच मोडलं की तेच प्रथिन ई-अँटिजेनसारखं (याच विषाणूचं वेगळं, सुटं प्रथिन) वागू लागतं आणि टेस्टचा अर्थच बदलतो.

टिकाऊपणाला मात्र पैकीच्या पैकी. पावसात पार्सल तीन दिवस अडकलं, आइस पॅकचं पाणी झालं होतं. तरी युरॅनिल ॲसिटेटचा रंग लावून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर ३० ते ३५ नॅनोमीटरची गोल कडी एकापुढे एक, शाबूत. बघून फार बरं वाटलं.

घोळ निघाला मोजमापात. नॅनोड्रॉपवर (प्रकाश किती शोषला ते मोजणारं यंत्र) २६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर १.५, निव्वळ प्रथिनाचं ०.६ च्या आसपास असतं. या प्रथिनाचं आर्जिनिन या अमिनो आम्लाने भरलेलं शेपूट ई. कोलायचा आरएनए पोटात धरून ठेवतं. तो कणाचा स्वभावच, त्याबद्दल तक्रार नाही. पण आरएनए २८० लाही प्रकाश शोषतो, आणि पुरवठादाराने त्याच रीडिंगवरून १ मिग्रॅ प्रति मिली छापलं होतं. बीसीए या प्रथिन मोजणाऱ्या रंगचाचणीने मोजलं तर ०.४! म्हणजे प्लेटमध्ये निम्म्याहून कमी माल जात होता आणि आमचं कमकुवत पॉझिटिव्ह सॅम्पल निगेटिव्ह येत होतं. सरफेस अँटिजेन (विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचं प्रथिन) निगेटिव्ह असलेल्या माणसाचा जुना संसर्ग अनेकदा याच टेस्टवर कळतो, त्यामुळे ही चूक मला लहान वाटत नाही.

आरएनए नकोच असेल तर शेपूट कापलेलं, १४९ अमिनो आम्लांचं घ्या. त्याचंही कवच व्यवस्थित बनतं.

फोन केल्यावर पुरवठादाराने नीट ऐकून घेतलं, पुढच्या लॉटचं बीसीए रीडिंगही पाठवलं. ते माझ्या रीडिंगशी जुळेपर्यंत जुन्याच पुरवठादाराकडून घेतेय.