लवासातील ‘आशियाना उत्सव’: घर नेटके, गाव अर्धे

पुण्याहून साधारण ६० किलोमीटरवर, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी वसवलेल्या लवासात ज्येष्ठ नागरिकांसाठी ‘आशियाना उत्सव’ हा गृहप्रकल्प आहे. त्याचे परीक्षण करताना सदनिकेइतकेच गावाकडेही पाहावे लागते, कारण येथे घर घेणारा माणूस एका अडखळलेल्या शहराचा रहिवासीही होतो.

आतली व्यवस्था विचारपूर्वक केलेली आहे. न्हाणीघरात न घसरणाऱ्या फरशा आणि आधाराचे दांडे आहेत, मदतीची घंटा हाताशी आहे आणि ज्यांना रोजचा स्वयंपाक झेपत नाही किंवा नकोसा झाला आहे, त्यांच्यासाठी सामाईक भोजनगृह आहे. यांतील एकही गोष्ट नवलाची नाही. पण नेहमीच्या इमारतीत तोल गेल्यावर टॉवेलच्या दांडीखेरीज धरायला काही नसते, हे ज्यांनी आईवडिलांच्या घरी पाहिले आहे त्यांना या दांड्यांचे मोल कळेल. शेजारीपाजारीही बहुतेक समवयस्क असल्यामुळे गप्पांना माणूस शोधत फिरावे लागत नाही.

फाटकाबाहेर मात्र चित्र बदलते. इटलीतील पोर्तोफिनोच्या धर्तीवर रंगवलेल्या तळ्याकाठच्या इमारतींचे पोपडे निघाले आहेत आणि कित्येक इमारती अर्धवट उभ्या आहेत. पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये काम थांबवले, त्यानंतर कर्जाचा डोंगर वाढत गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये हे शहर उभारणारी कंपनी, लवासा कॉर्पोरेशन, दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने मंजूर केलेली पुनरुज्जीवन योजनाही पुढे फिसकटली. अशा गावात शनिवार-रविवारचे पर्यटक वर्दळ आणतात, पण सोमवारी दूध, भाजी आणि औषधे विकत घेणारे गिऱ्हाईक म्हणजे येथे बाराही महिने राहणारे ज्येष्ठ आणि ख्राइस्ट विद्यापीठाच्या येथील आवारात शिकणारे विद्यार्थी. माझ्या मते लवासा जितके तगले आहे, त्यात या दोन वर्गांचा वाटा मोठा आहे. मूळ जाहिरातींतल्या झगमगाटात मात्र दोघेही फारसे दिसत नव्हते.

तरीही गाव जगवण्याची जबाबदारी सत्तरीच्या माणसांवर टाकणे बरे नव्हे. गंभीर आजारात पुणे गाठावे लागते आणि वाट टेमघरच्या घाटातून जाते. मुळशीच्या पावसात त्या रस्त्याचा भरवसा धरता येत नाही. जुलै २०२४ मध्ये तर लवासातच बंगल्यांवर दरड कोसळली होती. हृदयविकार असलेल्यांना किंवा ज्यांचे डायलिसिस चालू आहे त्यांना मी हे ठिकाण सुचवणार नाही. चालते-फिरते, शांततेची आवड असलेले आणि मुले पुण्यात असलेले जोडपे असेल, तर आनंदाने सुचवीन.

खरेदीआधी काही महिने भाड्याने राहून पाहावे, आणि तेही हिवाळ्यात नव्हे, तर जुलै-ऑगस्टमध्ये. भिंतींना ओल येते का, वीज गेल्यावर उद्वाहक चालतो का, रात्री रुग्णवाहिकेचा चालक आवारातच असतो का आणि पुण्यातील रुग्णालय गाठायला प्रत्यक्षात किती वेळ लागतो, हे विक्री कार्यालयापेक्षा तेथे जुन्या रहिवाशांना विचारावे. मासिक देखभाल शुल्कात काय धरले आहे आणि जेवणाचे व शुश्रूषेचे पैसे वेगळे द्यावे लागतात का, हे लेखी घ्यावे. पुनर्विक्रीतून चार पैसे सुटतील या आशेने मात्र येथे पैसे गुंतवू नयेत.