सोलापूर ते कोलकाता, टॉवेलच्या गाठी ट्रान्सपोर्टने: नऊ महिने वापरल्यानंतर

मागच्या जूनमध्ये कोलकात्याच्या बडाबाजारातल्या एका व्यापाऱ्याची पहिली ऑर्डर आली. तेव्हापासून फेब्रुवारीअखेर आमच्या एकवीस खेपा रस्त्याने गेल्या. माल म्हणजे टर्किश टॉवेल आणि थोड्या चादरी. लूम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. त्याआधी आमचा माल हैदराबाद, पुणे, फार तर इंदूरपर्यंत जायचा. तिथे काही बिघडलं तर रात्रीच्या गाडीने जाऊन बघून येता येतं. अठराशे किलोमीटरवर ती सोय नाही, त्यामुळे जे काही करायचं ते गाठ इथून निघायच्या आतच करावं लागतं. आमच्यासारख्या लहान कारखानदारांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते. ट्रान्सपोर्टचं नाव घेत नाही, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी कुठल्याही पार्ट लोड सेवेत, म्हणजे एका ट्रकमध्ये अनेकांचा थोडा थोडा माल जातो तिथे, अशाच घडतात.

आधी पैशाचं. 30 बाय 60 इंची टॉवेल साधारण 450 ग्रॅमचा. 120 नगांची एक गाठ, म्हणजे 54 किलो. आम्हाला दर पडतो किलोला 11 रुपये. बिल्टी (ट्रान्सपोर्टची माल बुक केल्याची पावती), हमाली आणि इथला टेम्पो धरून गाठीमागे साडेसातशेच्या आसपास जातात, म्हणजे नगामागे सव्वासहा रुपये. हाच माल कुरियरच्या सरफेस सेवेने पाठवायचा तर आम्हाला किलोला 32 रुपये सांगितले होते, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे नगामागे सतरा रुपये. दीडशे रुपयांच्या टॉवेलला ते परवडत नाही. शिवाय कुरियरवाले आकारमानाचं वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं. आम्ही एकदा खोक्यात चाळीस टॉवेल भरले. खरं वजन 18 किलो, बिल लागलं 30 किलोचं. टॉवेल फुगीर असतो, खोक्यात हवाच जास्त जाते. प्रेसवर दाबून बांधलेली गाठ हाच कापडासाठी खरा मार्ग.

वेळेचं म्हणाल तर सहा ते आठ दिवस. ऑगस्टमध्ये एकदा तेरा लागले. तक्रार करण्यासारखं नाही.

तक्रार आहे ती चढउताराची. धावत्या ट्रकमध्ये मालाला फारसं काही होत नाही. जे होतं ते मधल्या हबवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या वाटेतल्या गोडाऊनवर, गाठ एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाते तेव्हा. तिसऱ्या खेपेला व्यापाऱ्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. गाठीच्या कडेला बोटभर भोक, आणि आतले नऊ टॉवेल एका रेषेत फाटलेले. हमालाचा हुक. टॉवेलला हुक लागला की नुसतं भोक पडत नाही, लूप ओढला जातो आणि विणीतून पांढरी रेघ उसवत जाते. तो नग सेकंडमध्ये, म्हणजे खोट असलेला माल म्हणून स्वस्तातही कोणी घेत नाही. मी चिडून बुकिंगला गेले. तिथल्या साहेबांनी बिल्टीवरचा ‘ओनर्स रिस्क’चा, म्हणजे जोखीम मालकाची, असा शिक्का दाखवला आणि विषय संपवला.

उपाय सांगितला तो गोडाऊनवरच्या एका वयस्कर हमालांनी. मी भोक पडलेल्या गाठीचा फोटो दाखवला, तर त्यांनी तो मोठा करून नीट पाहिला आणि म्हणाले, “ताई, गाठीला कान कुठंयत? धरायला जागा नसली तर माणूस हुकच लावणार.” मग समोर पडलेली दुसऱ्या कुणाची तरी गाठ आडवी करून दाखवली. चारही कोपऱ्यांवर बारदान शिवताना ओंजळभर जास्त सोडायचं, त्यात चिंध्यांचा बोळा कोंबायचा आणि मुळाशी सुतळीचे तीन-चार वेढे घट्ट आवळायचे. झाला कान. दोघांनी चार कान धरले की 54 किलो सहज उचललं जातं. आमच्याकडे दाभण घेऊन शिवणाऱ्या मावशींना हे जमायला एक दुपार लागली, गाठीमागे वेळ वाढला दहा मिनिटांनी. त्यानंतरच्या अठरा खेपांत हुकाचं भोक फक्त एकदा आलं. त्या हमालांना मी चहाला थांबा म्हटलं तर गाडी लागली म्हणून निघून गेले. त्यांचं ऋण आमच्यावर आहे.

दुसरा धडा पावसाचा. भिजू नये म्हणून जुलैत आम्ही आतून जाड प्लास्टिक लावलं, तोंड टेप मारून बंद केलं. कोलकात्यात गाठ उघडली तर आत कुबट वास आणि मधल्या थरांवर काळे ठिपके. ताडपत्री गळली असणार म्हणून मी पुन्हा भांडायला निघाले होते, पण सासऱ्यांनी अडवलं. बाहेरचं बारदान कोरडं होतं. ओल आमच्याच घरातून गेली होती. पावसाळी हवेत धुऊन वाळवलेला टॉवेल हाताला कोरडा लागतो, पण आत दमट असतो. प्लास्टिकमध्ये आठ दिवस कोंडला की बुरशी धरणारच. आता जून ते सप्टेंबर माल प्रेसवर घ्यायच्या आधी दोन दिवस पंख्याखाली मोकळा ठेवतो, मगच प्लास्टिक. पांढरा माल त्या महिन्यांत शक्यतो पाठवतच नाही.

कागदाचं काम कंटाळवाणं आहे, पण इथेच पैसे वाचतात. आमच्या तीन गाठी झाल्या की किंमत 50,000 च्या वर जाते आणि ई-वे बिल, म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा परवाना, लागतं. त्याची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस, म्हणजे आमच्या अंतराला नऊ-दहा दिवस. कारखान्यातून ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनपर्यंतचं अंतर 50 किलोमीटरच्या आत असेल तर गाडी नंबर भरावा लागत नाही. ट्रान्सपोर्टवाला त्याचा गाडी नंबर भरतो तेव्हापासून दिवस मोजले जातात. त्या तेरा दिवसांच्या खेपेत मुदत हबवरच संपत आली होती. वाढवता येते, पण मुदत संपण्याच्या आधीचे किंवा नंतरचे आठ तास एवढ्याच वेळात, आणि तेही माल ज्याच्या ताब्यात आहे त्या ट्रान्सपोर्टवाल्याला. रात्री साडेदहाला फोनवर फोन करून ते करून घेतलं. आता आठव्या दिवशी सकाळी मीच पोर्टलवर बघते आणि तशी वेळ दिसली तर दुपारपर्यंत त्यांना आठवण करते.

भरपाईबद्दल मात्र प्रत्येकाने वाचून घ्यावं. 2007 चा कॅरेज बाय रोड कायदा आणि त्याखालचे 2011 चे नियम पाहिले तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापट इतकीच धरली आहे. जास्त जोखमीचा दर कबूल करून भरला असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या गाठीचं भाडं 594, त्याचे दहापट 5,940, आणि आत माल 18,000 चा. हे आकडे मांडून पाहिल्यावर मी त्याच आठवड्यात वाहतूक विमा घेतला. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत द्यावी लागते, तोंडी तक्रार धरत नाहीत. आणि व्यापाऱ्याला सांगून ठेवा: गाठ फाटलेली दिसली तर पोचेवर तसा शेरा मारल्याशिवाय सही करायची नाही. नऊ टॉवेलच्या वेळी सही कोरी गेली होती, म्हणून हातात काही उरलं नाही.

कोलकात्यात आम्ही डोअर डिलिव्हरी घेत नाही. शहरात दिवसा मोठ्या गाड्यांना बंदी, बडाबाजारच्या गल्ल्या अरुंद, त्यामुळे दुकानापर्यंतचे जादा पैसे देऊनही माल एक-दोन दिवस अडकतोच. व्यापारी त्याचा माणूस पाठवून गोडाऊनवरून उचलतो. फक्त बिल्टीची त्याची प्रत वेळेवर पोचली पाहिजे, नाहीतर डॅमरेज, म्हणजे माल गोडाऊनवर पडून राहिल्याचा आकार, सुरू होतं. प्रत्येक गाठीवर मार्का, गावाचं नाव आणि 1/4, 2/4 असे आकडे पक्क्या शाईने दोन बाजूंना लिहितो. एकदा चारपैकी एक गाठ भलत्याच हबवर उतरली होती. त्या आकड्यांवरूनच तिसऱ्या दिवशी सापडली.

हीच सेवा पुढे चालू ठेवतो आहोत. पुढच्या महिन्यात गुवाहाटीची पहिली ऑर्डर जाते आहे, दोनच गाठी, रंगीत माल, चार कान. तिकडचा अनुभव चार-पाच खेपा झाल्या की लिहीन.