भारताचे कच्चे तेल कोठून येते? भूगोल कक्षातील एका भिंतीनकाशाचे परीक्षण

भारताच्या कच्च्या तेलाच्या आयातीचा हा भिंतीवर लावायचा मराठी नकाशा आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातील शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून ६०० रुपयांना घेतला आणि परभणी जिल्ह्यातील आमच्या माध्यमिक शाळेच्या भूगोल कक्षात लावला. नववी-दहावीची मुले तो पाहतातच, शिवाय संध्याकाळी त्याच खोलीत भरणाऱ्या अभ्यासिकेतील राज्यसेवेची तयारी करणारी मुलेही त्याच्यासमोर वही घेऊन बसतात. शेजारच्या शाळांतील सहकारी तो घ्यावा का, असे वारंवार विचारत असल्यामुळे सविस्तर लिहीत आहे.

छपाईबद्दल तक्रार नाही. पाठीमागे कापड आहे, वर-खाली लाकडी पट्ट्या आहेत आणि शेवटच्या बाकावरूनही देशांची नावे वाचता येतात.

नकाशाचे खरे बळ त्याच्या सागरी मार्गांत आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी सुमारे ८८ टक्के तेल बाहेरून येते, हे वाक्य पाठ्यपुस्तकात वाचून मुले पुढे जातात. पण इराकचे बसरा आणि सौदी अरेबियाचे रास तनुरा येथून निघालेल्या दोन्ही रेषा होर्मुझच्या सामुद्रधुनीत, म्हणजे पर्शियन आखाताच्या अरुंद तोंडाशी, एकमेकींना चिकटून बाहेर पडताना दिसल्या, की त्या टक्केवारीमागची जोखीम त्यांच्या लक्षात येते. या सामुद्रधुनीचे वेगळे मोठे चित्र कोपऱ्यात दिले आहे. सर्वांत अरुंद जागी ती सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे, आणि २०२४ मध्ये जगात वापरल्या गेलेल्या एकूण तेलापैकी जवळपास पाचवा हिस्सा तेथूनच गेला. होर्मुझ टाळून तेल बाहेर काढणाऱ्या दोन नळवाहिन्या, म्हणजे अमिरातीतील हबशान ते फुजैरा आणि सौदी अरेबियातून तांबड्या समुद्रावरील यान्बूपर्यंत जाणारी, तुटक रेषांनी दाखवल्या आहेत. एवढा बारकावा मी मराठीतील दुसऱ्या कोणत्याही शालेय नकाशात पाहिलेला नाही, आणि त्यासाठी नकाशा तयार करणाऱ्यांचे मनापासून कौतुक केले पाहिजे.

भारताच्या किनाऱ्यावरील वाडीनार, सिक्का, मुंद्रा, मुंबई आणि पारादीप ही ठिकाणे अचूक आहेत. समुद्रापासून दूर असलेल्या मध्य प्रदेशातील बीना शुद्धीकरण प्रकल्पाला वाडीनारहून, तर पंजाबातील भटिंड्याला मुंद्र्याहून वाहिनीने कच्चे तेल जाते, हेही दिसते. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथील भूमिगत राखीव साठे मात्र इतक्या लहान ठिपक्यांनी दाखवले आहेत, की तिन्ही मिळून ५३ लाख टनांची क्षमता असलेली ही व्यवस्था बोट ठेवून दाखवल्याशिवाय मुलांच्या नजरेस पडत नाही.

मुलांची सर्वाधिक गर्दी होते ती डाव्या बाजूच्या महाराष्ट्राच्या चौकटीपाशी. मराठवाड्याला समुद्र नाही आणि येथे शुद्धीकरण प्रकल्पही नाही. मुंबईच्या माहुल येथे शुद्ध झालेले इंधन एका वाहिनीने मनमाडजवळच्या पानेवाडीपर्यंत आणि दुसऱ्या वाहिनीने पुण्यावरून सोलापूरजवळच्या पाकणीपर्यंत येते, आणि तेथून पुढे टँकर भरून रस्त्याला लागतात. गावाबाहेरच्या पंपावर रिकामा होणारा टँकर मुलांनी लहानपणापासून पाहिलेला असतो. त्या टँकरमागची साखळी पानेवाडी, माहुल आणि अरबी समुद्र ओलांडून बसऱ्यापर्यंत जाते, हे या चौकटीमुळे एका दृष्टिक्षेपात समजते.

आता मुख्य दोष. उजव्या बाजूला कोणत्या देशाकडून किती तेल येते हे दाखवणारे मोठे वर्तुळ आहे, आणि त्यावर वर्षच छापलेले नाही. त्यात इराक पहिला, सौदी अरेबिया दुसरा, इराण तिसरा आणि रशिया जेमतेम दिसणारी चीर आहे. हे चित्र २०१८-१९ चे आहे. अमेरिकेने इराणवरील निर्बंधांतून दिलेली सवलत संपवल्यानंतर मे २०१९ मध्ये भारताने इराणकडून तेल घेणे थांबवले. रशियाचा वाटा २०२१-२२ मध्येही सुमारे दोन टक्केच होता; पण युक्रेन युद्ध पेटले, युरोपने रशियन तेलाकडे पाठ फिरवली, ५ डिसेंबर २०२२ पासून जी-७ देशांनी पिंपामागे ६० डॉलरची दरमर्यादा लावली, आणि सवलतीत मिळू लागलेले ते तेल भारतीय कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर उचलले. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांत रशियाचा वाटा एक-तृतीयांशाहून अधिक होता, तर इराक आणि सौदी अरेबिया त्याच्यामागे दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर होते. याच खरेदीचे कारण देऊन अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लादले. ज्या विषयावर दोन देशांत एवढा तणाव निर्माण झाला, तो विषय या वर्तुळात शोधूनही सापडत नाही, आणि अभ्यासिकेतील मुलाने ते पाठ करून परीक्षेत लिहिले तर त्याचे हक्काचे गुण जातील.

रशियाचा बाणही चुकला आहे. तो अतिपूर्वेकडील व्लादिवोस्तोकच्या बाजूने निघतो. प्रत्यक्षात भारत घेतो त्यातले बहुतांश रशियन तेल ‘उरल्स’ प्रतीचे असते आणि ते बाल्टिक समुद्रावरील प्रिमोर्स्क व उस्त-लुगा किंवा काळ्या समुद्रावरील नोव्होरोसिस्क येथून जहाजात चढते. बाण दुरुस्त केला, की हे तेल होर्मुझमधून नव्हे, तर युरोपच्या बाजूने येते ही महत्त्वाची गोष्ट मुलांना सांगता येते. सध्याच्या बाणाने ती सांगण्याची संधीच हिरावली आहे.

शिवाय वर्तुळातील टक्के वजनाचे आहेत की किमतीचे, हे कोठेही लिहिलेले नाही. हा फरक किरकोळ नाही. २०२२-२३ मध्ये भारताने सुमारे २३.३ कोटी टन कच्चे तेल आणले आणि त्यासाठी सुमारे १५,७५० कोटी डॉलर मोजले. पुढच्या वर्षी तेल जवळपास तेवढेच आले, पण खर्च सुमारे १३,३०० कोटी डॉलरवर उतरला. सवलतीत विकणाऱ्या देशाचा वाटा वजनात मोठा आणि किमतीत त्यामानाने लहान दिसतो, त्यामुळे मोजमाप सांगितल्याशिवाय दिलेली टक्केवारी विद्यार्थ्याच्या उपयोगाची नाही.

याबाबत विचारले तेव्हा दुकानदारांनी आडपडदा न ठेवता सांगितले, “सर, मार्ग नवीन काढलेत, पण गोल जुन्याच छपाईतून उचललाय.” त्यांनी आमच्या दुरुस्त्या लिहून घेतल्या आणि प्रकाशकांना पाठवण्याचे मान्य केले, ही सेवा समाधानकारक वाटली.

तोपर्यंत आम्ही त्या वर्तुळावर कोरा कागद लावला आहे. पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन व विश्लेषण कक्षाचे मासिक अहवाल आणि वाणिज्य मंत्रालयाची देशवार आयातीची आकडेवारी संकेतस्थळांवर विनामूल्य मिळते. तिच्या आधारे मुले स्वतः वर्तुळ काढतात आणि खाली वर्ष व मोजमाप लिहितात. मार्गांसाठी आणि महाराष्ट्राच्या चौकटीसाठी हा नकाशा ६०० रुपयांना महाग नाही, आणि माध्यमिक शाळांनी तो अवश्य घ्यावा. केवळ स्पर्धा परीक्षेसाठी घेणाऱ्यांनी मात्र दुकानातच तो पूर्ण उलगडून उजवी बाजू पाहावी, आणि वर्तुळाखाली वर्ष छापलेले नसेल तर सुधारित आवृत्तीची वाट पाहावी.