मेडिक्लेमचा वाद वकिलाशिवाय : विमा लोकपाल आणि ई-जागृती, दहा महिन्यांच्या वापरानंतर

क्लेम दीड लाखाचा आणि वकिलाची फी चाळीस हजार, तर जिंकूनही हाती फारसं काही उरत नाही. दहा महिन्यांनंतरचं मत असं: कागद स्वतः करावेत, वकील लागेल त्या टप्प्यापुरताच घ्यावा.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्यायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाण्याला कार्यालयं आहेत. फी शून्य, मर्यादा 50 लाख, मुदत नकारापासून एक वर्ष. सगळ्यात मोठी सोय म्हणजे इथे वकील चालतच नाही. मात्र रागाच्या भरात आधी ग्राहक आयोगात गेलात, तर लोकपाल तक्रार घेत नाही. आणि लोकपालाकडे वेळ जातो म्हणून आयोगात तक्रार करण्याची दोन वर्षांची मुदत थांबत नाही, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

लोकपालाकडे जमलं नाही तर ई-जागृती, म्हणजे ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार करायचं पोर्टल. 1 जानेवारी 2025 पासून ई-दाखिलची जागा या पोर्टलने घेतली. आयोगाची फी क्लेमवर नाही, भरलेल्या रकमेवर ठरते. विम्यात ती रक्कम म्हणजे हप्ता. हप्ता 18,000 आणि क्लेम 8 लाखांचा असला, तरी 5 लाखांखाली असल्याने फी शून्य, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाखल करता येते.

अडतं ते किरकोळ गोष्टींवर. पानांना क्रमांक नाहीत, अनुक्रमणिका जुळत नाही, प्रतिज्ञापत्र नोटरी केलेलं नाही, की तक्रार त्रुटीत अडकते. विरुद्ध पक्ष म्हणून शाखेसोबत कंपनीचं नोंदणीकृत कार्यालयही घाला. क्लेमची रक्कम, व्याज, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च वेगवेगळा मागा. न मागितलेलं मिळेल ही आशा धरू नका.

खरी लढाई नकारपत्रातल्या एका ओळीवर असते. 'आजार आधीपासून होता' हे कारण बहुतेकदा केसपेपरवर रात्रपाळीच्या डॉक्टरने लिहिलेल्या 'पाच वर्षांपासून मधुमेह' अशा नोंदीतून येतं. नोंद चुकीची असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं तारखेसह पत्र घ्या आणि जुने तपासणी अहवाल जोडा. पॉलिसी सलग 60 महिने चालू असेल, तर माहिती लपवली या कारणावर क्लेम नाकारता येत नाही; सिद्ध झालेली फसवणूक एवढाच अपवाद. हा मुद्दा तक्रारीच्या पहिल्याच पानावर हवा.

आयोगाची नोटीस कंपनीला कधी पोचली, ती तारीख टिपून ठेवा. लेखी जबाबाला 30 दिवस आणि वाढीव 15. त्यापुढे आयोगालाही सवलत देता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा 4 मार्च 2020 चा निर्णय. 46व्या दिवशी जबाब आला तर त्याच तारखेला लेखी हरकत घ्या.

पैसे खर्च करावेत ते दोनच ठिकाणी: पुराव्याचं प्रतिज्ञापत्र तपासून घेणं आणि अखेरचा लेखी युक्तिवाद. फी कामावर ठरवा, तारखेवर नाही. तारखा पुढे जातातच; निकालासाठी कायद्यात दिलेले तीन महिने कागदावरच राहतात. टायपिंग, झेरॉक्स, नोटरी फीमध्ये धरलंय का, ते लिहून घ्या आणि पावती मागा. 'मिळेल त्यातले वीस टक्के' असा सौदा बार कौन्सिलच्या नियमांनाच धरून नाही. नुसता सल्ला हवा असेल तर वकीलपत्रावर सही कशाला? फी बाकी आहे म्हणून वकिलाला फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगितलंय.

महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. इतर बहुतेकांसाठी महाराष्ट्रात वार्षिक 3 लाख उत्पन्नाची मर्यादा. चौकशीला 15100 हा फोन क्रमांक.

निकालाची पहिली प्रमाणित प्रत फुकट मिळते, तिचे पैसे कुणाला देऊ नका. कंपनीला अपिलाला 45 दिवस आहेत आणि त्यासाठी आदेशाची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील नाही आणि पैसेही नाहीत, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 71 खाली वसुलीचा आणि 72 खाली शिक्षेचा अर्ज त्याच आयोगात करायचा. यालाही वकील लागत नाही.