गटाने एक दिवस किनारा चालायचा असेल तर : हरिहरेश्वर की आरे-वारे?

वीस-बावीस जणांचा गट, त्यात मुले आणि साठी ओलांडलेली मंडळी. अशा वेळी या दोहोंतून निवड कशी करावी, असा प्रश्न एका स्नेह्यांनी विचारला.

पहिली कसोटी भरती-ओहोटीची, आणि माझ्या मते तीच निर्णायक आहे. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग कड्याच्या चिंचोळ्या फटीतून पायऱ्यांनी खाली उतरतो आणि लाटांनी कोरलेल्या सपाट कातळावरून डोंगराला वळसा घालतो. हा कातळ भरतीत पाण्याखाली जात असल्याने ओहोटीची वेळ आधी पाहूनच निघावे लागते. ती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गेल्या आठवड्याची वेळ गृहीत धरू नये. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर विशेष जपावे. गणपतीपुळे-रत्नागिरी मार्गावरील आरे-वारे येथे कड्यावरचा भाग डांबरी रस्त्याने चालायचा असल्याने हे बंधन फक्त पुळणीपुरते राहते.

श्रमांचे गणित मात्र उलटे आहे. हरिहरेश्वरची चाल थोडी, पण शेवाळलेल्या कातळावर पाय घसरतो. आरे-वारेचा चढ सोपा, परंतु तेथे सावली नाही आणि वाहनांमुळे गटाला एका रांगेत चालवावे लागते. विसाव्याला आरेचे सुरुबन आहे.

दृश्यांत मला हरिहरेश्वर सरस वाटते : मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे पडलेला तो खडक हाताने चाचपून पाहावा असा आहे.

पाय खंबीर असलेल्या लहान गटाने ओहोटी साधून हरिहरेश्वर गाठावे. मुले व ज्येष्ठ सोबत असतील, तर सकाळी लवकर आरे-वारे चालावे.